लोणंदची पहिली पावती

माझं काम काय असं कुणी विचारलं की आताशा मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगते आणि विषय संपवते. डेटाबेस सर्व्हर सांभाळते म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि लगेच म्हणतो, मग आमचा प्रिंटर जरा बघाल का? एका लग्नात तर नवरीच्या मामानं अक्षता पडायच्या आधी मला बाजूला घेतलं, मोबाईलमधले फोटो उडालेत म्हणून. माझं डोकं लवकर तापतं हे सांगलीत बऱ्याच जणांना माहीत आहे. त्या दिवशी मामांनाही कळलं.

खरं म्हणजे हे काम नीट केलं तर ते कुणाला दिसतच नाही. आमच्या मालकांचं सांगलीत हळदीचं आणि गुळाचं अडत दुकान आहे, तासगावला बेदाण्याचं आणि लोणंदला कांद्याचं. तिन्हीकडची आवक, सौदे, पावत्या सगळं एकाच सर्व्हरवर लिहिलं जातं. तो सर्व्हर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर एका खोलीत बसवलाय, आणि त्याच्या शेजारी मला. तो चालू असला की माझी आठवण कुणाला येत नाही. अडकला की तिन्ही गावांतून माझ्या नावानं बोंब उठते.

मी आधी पुण्यात होते. मोठी कंपनी, काचेची बिल्डिंग, एकेका सर्व्हरला चारचार माणसं. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आले आणि हे काम धरलं, कारण ते घरात बसून करता यायचं. पुण्यात एक नियम अंगवळणी पडला होता. नोंदी पुसणारी किंवा बदलणारी कुठलीही आज्ञा सर्व्हरला द्यायच्या आधी ती दुसऱ्या माणसानं वाचायची. इथं दुसरं माणूस कुठून आणू? मग मी आईच्या खाटेशेजारी बसून ती ओळ मोठ्यानं वाचायची. आई, ही ओळ जुन्या नोंदी काढतीय, फक्त लोणंदच्या, फक्त मागच्या सालच्या. आई म्हणायची, काढ की मग. तिनं एकदाही नको म्हटलं नाही. पण मोठ्यानं वाचताना आपलीच चूक आपल्या कानाला लागते. एकदा "फक्त लोणंदच्या" हा तुकडा मी लिहायलाच विसरले होते, आणि आईला सांगताना तो तोंडात आला पण पडद्यावर दिसेना. नाहीतर तिन्ही दुकानांचं वर्ष धुऊन गेलं असतं.

या धंद्यात नवीन आलेल्या कुणालाही मी पहिलं हेच सांगेन. पुसायच्या आधी, जे पुसणार आहात ते फक्त दाखव म्हणून सर्व्हरला विचारा. किती ओळी आल्या ते बघा. मग मोठ्यानं वाचा. लाज वाटली तर दार लावून घ्या.

आई गेली. त्यानंतर घरात काम करवेना, म्हणून मी गोदामावरच्या या खोलीत येऊन बसायला लागले. वाचायची सवय राहिली. खालचे हमाल एकमेकांना सांगतात, बाई वर पोथी वाचत्यात. वाचू देत म्हणतात. हळदीची पूड जिन्यानं वर चढते आणि सर्व्हरच्या पंख्यात जाऊन बसते, म्हणून दर शनिवारी मी रंगाचा ब्रश घेऊन जाळी साफ करते. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, पण सर्व्हर वारंवार तापून मंद होत असेल तर आधी त्याच्या नाकात काय अडकलंय ते बघावं. मग बाकीची अक्कल पाजळावी.

एकटं वाटायचं. सरळच सांगते, उगाच आडवळणानं कशाला. संध्याकाळी भाजीवालीला "पावशेर द्या" म्हणताना आवाज फाटायचा, तेव्हा कळायचं की आज दिवसभरात माणसाशी असं आपण बोललोच नाही. सर्व्हरला वाचून दाखवलेलं मी त्यात धरत नाही. बाकीच्यांना वाटायचं, बाईला एकटंच बरं वाटतं, तिला त्रास देऊ नये. मीच तसा समज करून दिला होता बहुतेक. डोकं तापणाऱ्या माणसाकडं लोक कामापुरतेच येतात.

हळदीचा हंगाम सुरू झाला आणि रोज सकाळी सौदे सुरू व्हायच्या वेळेला तिन्हीकडचे पडदे गोठायला लागले. तासगावचा फोन, म्हणे नुसतं चक्र फिरतंय. खालून मुनीमजींची हाक. आणि प्रत्येकाचा एकच सल्ला, बंद करून चालू करा की. पहिल्या दिवशी मीही तेच केलं. गाडी सुरू झाली, दुसऱ्या दिवशी परत तिथंच. सर्व्हर बंद करून चालू केला की तो अर्धवट राहिलेली कामं उलगडत बसतो, त्यात वेळ जातो तो जातोच. वर ज्यानं अडवलं त्याचा मागही पुसला जातो. दुखणं कळायच्या आधी औषध देण्यातला प्रकार आहे हा.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी हात आवरला आणि सर्व्हरलाच विचारलं, कोण कुणासाठी थांबलंय? ते तो सांगतो, फक्त शांतपणे विचारावं लागतं. तासगावची सहा यंत्रं सांगलीच्या एकासाठी थांबली होती, सांगलीचं दुसऱ्या कुणासाठी, असं करत करत रांगेच्या तोंडाशी गेले. तोंडाशी जो होता तो कुणासाठीच थांबला नव्हता. तो काही करतही नव्हता. एक पावती उघडून नुसता बसला होता. ते यंत्र लोणंदचं होतं.

यात प्रोग्रामची एक गोम होती. तो लिहिणारा कधीच बंगळूरला निघून गेलाय. पावती उघडली की पुढचा नंबर घ्यायचा आणि ती पक्की होईपर्यंत नंबरांचा डबा आपल्याच हातात धरून ठेवायचा, असं त्यानं लिहून ठेवलंय. जुन्या मालकांची, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांची अट होती, पावत्यांचे नंबर एकाच ओळीत सलग पडले पाहिजेत, मधला एकही गळता कामा नये. पुढं दुकानं तीन झाली तरी डबा एकच राहिला, त्यामुळं लोणंदनं पावती उघडून ठेवली की तासगाव आणि सांगली डब्याची वाट बघत उभे.

मी लोणंदची ती जोडणी तोडली. सगळीकडं भराभर पावत्या पडायला लागल्या. मग लोणंदला फोन लावला, आणि काही गोड आवाजात नाही लावला. पावती उघडून चहाला कोण गेलंय, एवढंच विचारलं.

पलीकडचा आवाज जड होता पण एकेक अक्षर स्वच्छ. म्हणाले, चहाला गेलो नाही, पावतीच्या समोरच बसलोय. मग पक्की का करत नाही, मी विचारलं.

"भवानी झाली न्हाई अजून, म्याडम."

सर्व्हर मंदावण्याची कारणं मी ढिगानं वाचली आहेत. डिस्क हळू असते, मेमरी कमी पडते, अनुक्रमणिका मोडलेली असते. भवानी कुठंच वाचली नव्हती. मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. लोणंदच्या दुकानात रीत अशी की दिवसाचा पहिला नंबर आपल्याला मिळाला पाहिजे, तो तासगावला गेला तर दिवस खराब. म्हणून दुकान उघडलं की आधी पावती उघडायची, नंबर पदरात पाडून घ्यायचा. पण भवानीच्या आधी, म्हणजे उदबत्ती फिरून पहिल्या ढिगाचा सौदा तुटेपर्यंत, ती पक्की करायची नाही. पहिल्या पावतीवर रिकामा सौदा चढला तर तेही अपशकुनाचं. आधीच्या माणसानं त्यांना कामाबरोबर ही रीतही शिकवून दिली होती. आधीचा निदान झटपट उरकत असावा. हे गृहस्थ नवे होते, आणि नियम म्हणजे नियम.

ते लष्करातून निवृत्त झालेले होते. सिग्नल्समध्ये आयुष्य गेलेलं, लोणंदजवळच्याच एका गावचे. आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं, हुद्दा काहीही असो. म्हणून तेही मेजर. मी त्यांना म्हटलं, मेजर, भवानी होऊ द्या आणि मग पावती उघडा. ते "जी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चक्र.

ठराविक वेळानंतर उघडी पावती आपोआप सोडून द्यायची, अशी सोय सर्व्हरमध्ये असते. पण तासगावला बेदाण्याच्या सौद्यात ताटातला माल हातोहात फिरतो, बोली चढते, कधीकधी बराच वेळ पावती खरोखरच उघडी लागते. वेळेची कात्री लावली असती तर त्यांच्या अर्धवट नोंदी कापल्या गेल्या असत्या. खरा इलाज एकच होता, तिन्ही दुकानांना वेगवेगळा डबा द्यायचा. ते मी मालकांना लिहून कळवलं. उत्तर आलं, बघू.

"बघू" म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको. तोवर रोज सकाळी तेच. पडदे गोठायचे, मी लोणंदची जोडणी तोडायची, मग फोन करायची. आधी मी झापायची आणि ते ऐकून घ्यायचे. मग झापून झाल्यावर ते विचारायला लागले, सगळ्यांचं सुटलं ना? मग एक दिवस विचारलं, च्या झाला का? कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

हळूहळू फोन लांबायला लागला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा फौजेतच, दूर वरती कुठंतरी, सून-नातवंडं त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. मेजर स्वतःच्या भाकरी स्वतः थापतात आणि कडा फुटतात म्हणून वैतागतात. मी म्हटलं, पाणी गरम घ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलल्या उचलल्या भाकरीचा निकाल सांगितला, तिकडं तासगाव अडकून पडलेलं असताना. मी त्यांना आईबद्दल सांगितलं. ओळी वाचून दाखवायची ते सांगितलं. ते हसले नाहीत. वायरलेसवर आलेला निरोप ते लोकही मोठ्यानं परत म्हणून दाखवायचे म्हणे, ऐकणाऱ्यानं बरोबर ऐकलंय हे कळायला.

त्या फोनसाठी मी लवकर यायला लागले. फोनच्या वेळेला हातात चहाचा कप असेल असं बघायला लागले. एकदा सलग दोन दिवस काहीच अडकलं नाही. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, चला, शिकले एकदाचे. दुसऱ्या दिवशी मी पडद्याकडं बघत बसले, आता गोठेल, मग गोठेल. नाही गोठला. तिसऱ्या दिवशी गोठला. मी मेजरना भरपूर झापलं, आणि झापताना माझं तोंड हसत होतं. बरं झालं, फोनवर दिसत नाही.

हे असंच चाललं असतं, पण तासगावला मोठ्या सौद्याचा दिवस उजाडला आणि नेमकी मी दातांच्या डॉक्टरकडं अडकले. मी येईपर्यंत तासगावचे पडदे थिजलेले. बाहेरगावचे व्यापारी बसून बसून कंटाळले आणि त्यातले दोघे उठून शेजारच्या दुकानात गेले. मालकांनी मला खाली बोलावलं. ते तरुण आहेत, वाईट नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा पारा माझ्याही वर होता. मी प्रोग्रामचं सांगायला लागले तर म्हणाले, प्रोग्राम राहू द्या, माणूस कोण ते सांगा. मी सांगायच्या आधी तासगाववाल्यांनीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हाताऱ्याला घरी बसवा, मालक म्हणाले, तिथं दुसरा कुणीतरी बघू.

मी म्हटलं, दुसरा आणलात तर तोही भवानीसाठी थांबेल, रीत दुकानाची आहे, माणसाची नाही. नंबरांचे डबे वेगळे करा, एकदम सुटेल. ते म्हणाले, वडिलांची अट आहे. मी म्हटलं, वडिलांच्या काळी एकच दुकान होतं. हे जरा जास्तच बोलले, पण बोलून बसले होते. मालक म्हणाले, ठीक आहे, अमावास्येला करून घ्या. पण त्यानंतर लोणंदमुळं एकदा जरी अडकलं, तर मेजरना मी ठेवणार नाही.

मेजरना हे मीच सांगितलं.

"पगाराचं काय न्हाई, म्याडम," ते म्हणाले, "पेन्शन हाय. पर सकाळी उठून जायला कुटंतरी जागा पायजे."

मला ते इतकं कळलं की मी फोन लवकर ठेवला.

अमावास्येला आमच्याकडं सौदे बंद असतात. त्यामुळं माझी सगळी मोठी कामं अमावास्येला. सर्व्हरला तारीख कळते, वार कळतो, तिथी कळत नाही, म्हणून भिंतीवरच्या पंचांगात मला स्वतःच खुणा कराव्या लागतात. त्या दिवशी नवीन कामाला कुणी हात लावत नाही. वायरमनला बोलावलं तर उद्या येतो म्हणतो. भरदिवसा सगळं यार्ड मोकळं, रिकामी पोती, पत्र्यावर कबुतरं, आणि एकाच खोलीत पंख्याचा आवाज. वर्षभरात मला सगळ्यात एकटं वाटतं ते त्या दिवसांना.

पण या वेळी काम तपासायला दुसरीकडं माणूस हवं होतं. लोणंदला कुणीतरी पावती उघडून ठेवायची आणि मी इथून दुसरी पक्की करून बघायची. मी मेजरना विचारलं, अमावास्येला येणार का? म्हणाले, फौजेत अमावास्या नसती. सकाळी किल्ली मागून घेऊन ते त्या बंद दुकानात एकटेच जाऊन बसले. आम्ही फोन स्पीकरवर टाकून ठेवला.

मी आधी पूर्ण बॅकअप घेतला. आणि घेऊन थांबले नाही, दुसऱ्या यंत्रावर तो उघडून बघितला, तिन्ही दुकानांच्या शेवटच्या पावत्या त्यात आहेत का ते ताडून पाहिलं. बॅकअप घेतलाय असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. तो उघडतो का हे विचारलं की चेहरे पडतात. उघडून बघितला नाही तो बॅकअप घेतलाच नाही असं समजावं. मग एकेक ओळ लिहायची आणि मोठ्यानं वाचायची. मी वाचली की पलीकडून मेजर ती परत म्हणायचे, त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसताना. "लोणंदचा डबा अलग. समजलं. पुढं." आई गेल्यापासून माझ्या वाचण्याला कुणी ओ दिली नव्हती. मी उठून पाणी प्यायले आणि पुढची ओळ वाचली.

दुपारी दोघांनी आपापला जेवणाचा डबा उघडला. फोन चालूच. तिकडं रेल्वे गेली तर इकडं ऐकू आली. इकडं कबुतरांनी दंगा केला तर त्यांनी विचारलं, कोण आलंय का? कुणी नाही, मी म्हटलं. त्यांनी कांदा फोडला त्याचाही आवाज आला. असली चांगली अमावास्या मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर शेवटचं काम उरलं. मी म्हटलं, मेजर, पावती उघडा. उघडली, ते म्हणाले. आता हात लावू नका. मी सांगलीची पावती उघडली आणि पक्की केली, क्षणात झाली. तासगावच्या नावानं उघडली, तीही झाली. दोनदा, चारदा करून बघितलं. लोणंदची पावती तिकडं उघडीच होती आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. मी खूश होते. मेजरांची खुर्ची वाचली होती, आणि ती मी वाचवली होती.

"म्हंजे आता माज्यामुळं कुणाचं काय अडणार न्हाई?" त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं.

"मी दिवसभर ही उगडी ठिवून बसलो तरी?"

"बसा की. इकडं कळणारसुद्धा नाही."

हे मी अभिमानानं सांगितलं. दिवसभर त्याच्यासाठीच तर खपले होते. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो म्हटलं.

"हाय मी," ते म्हणाले. "एक सांगू का म्याडम. भवानी आमची लवकरच होती. लय आधी. तुमचा फोन येस्तवर मीच पक्की करत न्हवतो."

पहिल्यांदा मला राग आला. तो मला सवयीनं येतो. तासगावचे व्यापारी उठून गेले, मालकांनी घरी बसवायचं ठरवलं, मी मालकांशी भांडले, आणि हे गृहस्थ तिथं भवानी उरकून निवांत बसलेले. झापायला तोंड उघडलं. पण निघालं ते एवढंच, अहो, मग सरळ फोन करायचा ना.

"काय म्हणून करायचा?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते. इतके दिवस आम्ही बोलत होतो आणि एका रविवारीसुद्धा मी त्यांचा नंबर लावला नव्हता. काय म्हणून लावायचा हे मलाही माहीत नव्हतं. उशीर झालाय, दुकानाला कुलूप लावून घरी जा, एवढंच मी म्हटलं. ते "जी" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू झाले. तिन्ही दुकानांना आपापला पहिला नंबर मिळाला, तिघांचीही भवानी झाली. तासगावचा फोन नाही, खालून हाक नाही. मालकांनी जिन्यातूनच विचारलं, काय, सुटलं? मी म्हटलं, सुटलं. ते खाली गेले. मेजर आपल्या खुर्चीत बसलेले असणार, आणि आता त्यांना तिथून कुणी उठवणार नव्हतं. माझा चहा आणून ठेवलेला तसाच होता.

मी पडद्यावर थांबलेल्यांची रांग मागवली. रांगेत कुणीच नव्हतं. तेवढ्यावर कुणीही पडदा बंद केला असता, सगळं ठीक आहे म्हणून. मी मात्र उघड्या असलेल्या सगळ्या पावत्या मागवल्या. त्यात एक ओळ होती. लोणंद, दिवसाची पहिली पावती. दुकान उघडल्यापासून उघडी. सौदे सुरू होऊन बराच वेळ झाला होता, लोणंदला यंत्र एकच, पुढचे सौदे मेजर कागदावर उतरवून घेत असणार, आणि ही तशीच. कुणाला काही त्रास नव्हता तिचा.

मी ती ओळ बघत बसले. जोडणी तोडायचं काही कारण नव्हतं. फोन करायचंही नव्हतं. मग मी फोन हातात घेतला आणि नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय अडकलं का, म्याडम?"

"नाही," मी म्हटलं. "काही अडकलं नाही."

पलीकडं बटण दाबल्याचा आवाज आला आणि पडद्यावरची ओळ गेली. मी चहाचा कप जवळ ओढला.